विहारनौकेचें अंदाजपत्रक

खर्च आणि नीति यांचा संबंध काय, असा प्रश्न कोणीं विचारला तर आपल्यांतील बहुतेक सुशिक्षित माणसें एकच उत्तर देतात: ऐपतीबाहेर खर्च करूं नये, आणि ऐपतीच्या आंत असेल तर ज्याची त्याची मर्जी. म्हणजे सगळा प्रश्न एका आंकड्याचा. आंकडा मिळकतीच्या अलीकडे राहिला कीं ती हौस, पलीकडे गेला कीं ती उधळपट्टी. आम्हीही पुष्कळ वर्षें असेंच समजत होतों. आणि वर्गांत विद्यार्थ्यांना व्याख्येचे दोष समजावून सांगण्यांत ज्याचा जन्म गेला, त्याला या व्याख्येंतला दोष कधीं दिसूं नये याचें आतां नवल वाटतें. तो दिसण्यास आम्हांला स्वतः एक अंदाजपत्रक करावें लागलें. तें कशाचें हें ऐकून वाचकांस थोडें हसूं येईल. भूमध्यसमुद्रावर सात दिवस विहार करण्यासाठीं एक सबंध नौका भाड्यानें घेण्याचें तें अंदाजपत्रक होतें.

आम्ही श्रीमंत नाहीं हें आरंभींच सांगून टाकतों. रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, अलिबागेच्या दक्षिणेस नागांव येथें आमची वडिलोपार्जित वाडी आहे. नारळ, सुपारी आणि थोडीं आंब्याचीं कलमें. आमचे वडील बंधु मुख्याध्यापक म्हणून निवृत्त होऊन तेथेंच राहतात. येत्या जूनमध्यें त्यांना पंचाहत्तर वर्षें पुरीं होतील. त्यांचे चिरंजीव व सून जर्मनींत, आमची कन्या नेदरलंडमध्यें, त्यांची धाकटी कन्या पुण्यास, आणि आम्ही उभयतां कॉलेजच्या गांवीं. असें हें आठ माणसांचें कुटुंब पांच ठिकाणीं पांगलेलें आहे. आठही जणें एका पंक्तीला शेवटीं कधीं बसलीं हें आठवूं गेलों तर आमच्या मातुःश्रींचा तेरावा दिवस आठवतो. त्याला आतां सहा वर्षें झालीं.

तेव्हां अमृतमहोत्सवाच्या निमित्तानें सर्वांनीं एकत्र यावें, आणि तें कोठल्या कार्यालयांत शाल-श्रीफळ देऊन नव्हे तर समुद्रावर, ही कल्पना मुलांना सुचली यांत अस्वाभाविक कांहीं नाहीं. क्रोएशिया देशांतील स्प्लिट बंदरांतून निघावयाचें, एड्रियाटिक म्हणजे भूमध्यसमुद्राच्याच एका लांब हातांतलीं ह्वार, व्हिस, कोर्चुला हीं बेटें पाहावयाचीं आणि सातव्या दिवशीं परत त्याच धक्क्याला लागावयाचें, असा बेत. स्प्लिट शहराचा जुना भाग रोमन बादशहा डायोक्लीशन यानें निवृत्तीसाठीं बांधलेल्या वाड्यांतच वसलेला आहे. राज्य सोडून येथें आलेल्या या बादशहाला लोक पुन्हा गादीवर बसण्याचा आग्रह करूं लागले, तेव्हां त्यानें आपल्या हातानें लावलेल्या कोबीचा अभिमानानें उल्लेख केला, अशी आख्यायिका आहे. दादांना सगळ्या बेतांत ही एवढीच गोष्ट मनापासून आवडली. त्यांच्या वाडींत सुरण उत्तम येतो.

आमच्या आजोबांच्या पिढींत समुद्रयान हा धर्मशास्त्राचा प्रश्न होता. कलिवर्ज्यांत त्याची गणना, विलायतेहून परत आलेल्यास प्रायश्चित्त, त्यावरून जातींत पडलेल्या फळ्या, हें सारें त्यांनीं पाहिलें होतें. आतां तो प्रश्न दरपत्रकाचा झाला आहे. प्रगति म्हणतात ती हीच असावी. असो. काका हिशेबाला पक्के आहेत, अशी घरांत आमची ख्याति असल्यामुळें दरपत्रक आमच्याकडे आलें.

त्यांत नौकेचें आठवड्याचें भाडें १६,००० युरो होतें. मुलांनीं त्यास आठांनीं भागलें, माणशीं दोन हजार असा आंकडा काढला आणि तोच खर्च म्हणून सर्वांस कळविला. कार्यालयाचें भाडें म्हणजेच लग्नाचा खर्च, असें समजणाऱ्या वधूपित्यासारखी ही गोष्ट झाली. भाड्यांत नौका, तिचा विमा आणि तिच्यावरील तिघां नोकरांचे पगार एवढेंच येतें. त्यावर कर: आमच्या दरपत्रकांत तो १३ टक्के, म्हणजे २,०८० युरो. कराचा दर देशागणिक बदलतो. इटलींत सर्वसाधारण दर २२ टक्के आहे, फ्रान्समध्यें २०. मग एक विलक्षण बाब येते. भाड्याच्या पंचवीस ते पस्तीस टक्के रक्कम प्रवासाआधींच कप्तानाच्या हवालीं करावी लागते. तेल, बंदरांचें भाडें, शिधा, पेयें, बर्फ, फळफळावळ हें सर्व तो त्यांतून आणतो, पावत्या जपून ठेवतो आणि शेवटच्या दिवशीं हिशेब देतो. उरलें तर परत. संपलें तर मध्येंच पुन्हा मागणार. लग्नघरीं कोठीवर बसविलेल्या विश्वासू माणसाचेंच हें काम. आम्हीं ही रक्कम तीस टक्के धरली: ४,८०० युरो. सर्वांच्या शेवटीं बक्षिसी. ती कराराप्रमाणें सक्तीची नाहीं. परंतु त्या समुद्रावरची रूढि भाड्याच्या पांच ते पंधरा टक्क्यांची आहे. आम्हीं दहा टक्के, म्हणजे १,६०० धरले.

बेरीज २४,४८० युरो. युरोचा भाव शंभर रुपये धरला (प्रत्यक्षांत तो थोडा अधिकच आहे) तर साडेचोवीस लाखांच्या घरांत. येथून जाणाऱ्या पांच जणांचें विमानभाडें सव्वातीन लाख. प्रवेशपरवान्याची फी, जी जून २०२४ पासून प्रौढ माणसास ९० युरो झाली आहे, ती पंचेचाळीस हजार. विमा आणि आदल्या रात्रीचा मुक्काम पन्नास हजार. एकूण २८,६८,००० रुपये. माणशीं दोन हजार युरो, म्हणजे दोन लाख, हा मुलांचा आंकडा. तो साडेतीन लाखांवर गेला. सात दिवसांचे एकशें अडुसष्ट तास होतात. दर तासाला सतरा हजार रुपये, निद्रेचे तास धरून! हा शेवटचा भागाकार आम्हीं मुलांना कळविला नाहीं.

कोणतेंही अंदाजपत्रक हाताबाहेर गेलें कीं आपण काटछाट करूं लागतों. येथें काय छाटावें? कर कमी होत नाहीं, बंदराचें भाडें कमी होत नाहीं, तेल समुद्र मोजून घेतो. सर्व ओळी लोखंडाच्या. मेणाची ओळ एकच. जर्मनीहून पुतण्यानें विचारलें, "काका, बक्षिसी ऐच्छिक आहे ना? पांच टक्के धरूं." आम्हीं १,६०० खोडून ८०० लिहिले. ऐंशी हजार रुपये वांचले. हें करितांना आम्हांला कांहींही वाटलें नाहीं. उलट हिशेबी माणसास एक ओळ आटोपली म्हणजे जें समाधान वाटतें तें वाटलें.

अॅरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राच्या चौथ्या प्रकरणांत मोठा खर्च शोभेल असा करण्याच्या सद्‌गुणाचें विवेचन आहे. वर्षानुवर्षें तें आम्ही शिकवीत आलों आहों. साधें औदार्य निराळें आणि हा गुण निराळा, असें तो म्हणतो. आणि उदाहरण देतो तेंही नौकेचेंच. अथेन्समध्यें धनिक नागरिकांवर स्वतःच्या पैशानें एक युद्धनौका सज्ज करण्याची पाळी येई. तिच्यावर एकशें सत्तर वल्हेकरी असत. त्यांची व्यवस्था त्या धनिकानें पाहावयाची. अॅरिस्टॉटलला अशा खर्चाची भीति वाटत नाहीं. खर्च मोठा असणें हा त्याच्या मतें दोषच नव्हे. दोष दोन: एक, क्षुल्लक प्रसंगीं डामडौल करून आपली संपत्ति दाखविणें. आणि दुसरा, मोठा खर्च करून शेवटीं एखाद्या क्षुल्लक रकमेसाठीं त्याची शोभा घालविणें. हा दुसरा मनुष्य पदोपदीं कमी कसें होईल हें पाहतो, जें देतो तें कुरकुरत देतो, आणि तरीही आपण फार दिलें असेंच त्यास वाटतें. विद्यार्थ्यांना हें सांगतांना आमच्या डोळ्यांपुढें नेहमीं कोणी अथेनियन व्यापारी असे. ८०० हा आंकडा लिहिल्यानंतर दोन दिवसांनीं आम्हांला त्या व्यापाऱ्याचा चेहरा प्रथमच नीट दिसला.

आणि त्याबरोबर थळचा प्रसंग आठवला. खांदेरीचा किल्ला २०२५ च्या जुलैमध्यें जागतिक वारशाच्या यादींत गेला. शिवाजीमहाराजांनीं १६७९ सालीं मुंबईकर इंग्रजांच्या नाकासमोर बांधावयास घेतलेला हा बेटावरचा किल्ला आमच्या घरापासून इतका जवळ असून आम्हीं पाहिला नव्हता. गेल्या डिसेंबरांत थळच्या किनाऱ्यावरून होडी ठरविली. होडीवाल्यानें चार हजार सांगितले. आम्हीं इतर होड्यांकडे पाहिलें, घड्याळाकडे पाहिलें, परत फिरल्यासारखें केलें आणि तीन हजारांवर आणलें. तांडेलाबरोबर एक सतरा-अठरा वर्षांचा पोऱ्या होता. परततांना ओहोटी लागली होती; होडी किनाऱ्यापर्यंत येईना. तेव्हां तो कमरेइतक्या पाण्यांत उतरून, दोन्ही हातांनीं होडी धरून उभा राहिला, आणि आमच्या मंडळींना एकेक करून त्यानें खांद्याचा आधार देऊन उतरविलें. थंडीनें त्याचे ओंठ काळे पडले होते. आम्हीं तांडेलाला तीन हजार मोजून दिले. पोऱ्या होडींतच होता. तो "हिशेबांत" आलाच होता, असें आम्हीं धरलें. वाटेंत आम्हीं सर्वांना हजार रुपये कसे वांचविले तें सांगितलें, आणि त्याच संध्याकाळीं अलिबागेंत आइस्क्रीम खाण्यांत त्यांतले नऊशें गेले.

चैनीच्या बाजूनें एक जुना युक्तिवाद आहे. मँडेव्हिल या लेखकानें १७१४ सालीं मधमाशांच्या गोष्टीच्या मिषानें तो युरोपास ऐकविला: श्रीमंतांची उधळपट्टी हीच गरिबांची रोजी; सर्वजण काटकसरी झाले तर कारागीर उपाशी मरतील. आमच्या किनाऱ्यावर हा युक्तिवाद रोज ऐकूं येतो. मांडव्यापासून मुरूडपर्यंत बंगले उठले, मुंबईच्या गेटवेजवळ तासाच्या भाड्यानें विहारनौका मिळूं लागल्या, शनिवार-रविवारीं मांडव्याच्या धक्क्यावर गर्दी मावेनाशी झाली. आणि याबद्दल कोणीं नाक मुरडलें तर उत्तर तयार असतें कीं गांवांतल्या पोरांना काम मिळालें. मिळालें, हें खरें आहे. आम्हीही तें नाकारीत नाहीं. पण ज्याच्या पोटासाठीं म्हणून आपण चैनीचें समर्थन करितों, त्याचीच ओळ अंदाजपत्रकांत सर्वांच्या शेवटीं कां असते आणि सर्वांच्या आधीं कां खोडली जाते, याचें उत्तर मँडेव्हिलच्या माशांपाशीं नाहीं.

एका रविवारीं नागांवीं जाऊन आम्हीं कागद दादांपुढें ठेवला. रकमेवरून ते संतापतील अशी आमची अपेक्षा होती. त्यांनीं चष्मा पुसला, सर्व ओळी वाचल्या आणि विचारलें, "नौकेवर माणसें किती?"

"आठ," आम्ही म्हणालों.

"आणि हे तिघे? कप्तान, आचारीण, खलाशी?"

"ते धरून अकरा."

"मग ते तिघे जेवतात कोठें?"

आम्हांला सांगतां येईना. दरपत्रकाबरोबर नौकेचा नकाशा होता. त्यांत पाहुण्यांच्या चार खोल्या रंगवून दाखविल्या होत्या. जेथें जेवावयाचें तें मेज, जेथें उन्हांत पडावयाचें तें जाळें, सर्व कांहीं. नोकरांची जागा पुढच्या टोकाला, रंग न देतां, दोन रेघांनीं दाखविली होती.

दादांच्या या प्रश्नानें आमच्या मनांत एक शब्द घोळूं लागला. दरपत्रकावर मोठ्या अक्षरांत तो छापलेला होता: खासगी. साडेअठ्ठावीस लाखांत आपण नेमकें काय विकत घेतों? समुद्र नव्हे, तो फुकट आहे. बेटें नव्हेत, त्या बेटांवर रोज साध्या उतारू-बोटी जातात आणि त्यांचें तिकीट सामान्य माणसाच्या खिशाला परवडतें. आपण विकत घेतों ती इतरांची अनुपस्थिति. आमच्या लहानपणीं जुनीं माणसें रेवसच्या बोटीच्या गोष्टी सांगत. किनाऱ्यावर बोटी चालविणाऱ्या सहकारी कंपनीला लोक "माझी आगबोट कंपनी" म्हणत, आणि तिच्या बोटींना तुकाराम, रामदास अशीं संतांचीं नांवें असत. पाट्या, बोचकीं, कोंबड्या, रडणारीं पोरें आणि उलट्या करणारीं माणसें यांनीं भरलेल्या त्या बोटींत पाय ठेवावयास जागा नसे. आणि तरी शेंकडों लोक तिला "माझी" म्हणत. १९४७ च्या १७ जुलैस, गटारी अमावास्येच्या दिवशीं, भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली रामदास बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं. आमच्या तालुक्यांत असें घर विरळा कीं ज्यांत त्या दिवसाची एखादी गोष्ट सांगितली जात नसे. गर्दीच्या बोटीचें गोडवे गाण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. जागेला किंमत आहे, सुरक्षिततेला किंमत आहे, आणि मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला मोटारीसकट नेणारी मोठी बोट सुरू झाली तेव्हां आम्हांस आनंदच झाला. आमचें म्हणणें एवढेंच कीं ती जुनी बोट उतारूंना आपली वाटे आणि तिच्यावर परका असा कोणी नसे. ही नौका सात दिवस आपली, आणि तिच्यावर आठांच्या पाठीशीं तीन परके, ज्यांना पाहूनही न पाहण्याचा सराव आपणांस करावा लागणार. एकांत म्हणून जो आपण विकत घेणार, त्यांत तीन माणसांनीं आपण नाहींच असें भासविण्याचें काम करावयाचें आहे.

हें आम्हीं मुलांना लिहिलें. त्यांचें उत्तर आलें तें विचार करण्यासारखें होतें. आमच्या कन्येनें लिहिलें, "बाबा, तुम्ही उगाच हळवे होतां. कप्तानाला तुमच्या पंक्तीला बसण्याची हौस नाहीं. त्याला त्याचा पगार, त्याची झोंप आणि त्याचा मान पाहिजे. त्याला अतिथि समजणें हा तुमचा अहंकार आहे." यावर आम्हांला पुष्कळ वेळ विचार करावा लागला, आणि तिचें म्हणणें बरोबर आहे असें ठरलें. दयाळूपणा हा पुष्कळदां देणें टाळण्याचा स्वस्त मार्ग असतो. होडीवाल्याशीं गोड बोलून हजार रुपये कमी करणारीं माणसें आम्हीं पाहिलीं आहेत. एकाला तर फार जवळून. २००६ सालच्या आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारानें धंद्याच्या जहाजांवरील कामगारास चोवीस तासांत निदान दहा तास आणि आठवड्यांत सत्त्याहत्तर तास विश्रांति ठरवून दिली आहे. लहान नौकांना तो नियम कितपत लागतो हा भाग निराळा. पण तो वाचल्यावर आम्हीं मुलांनीं आंखलेला दिनक्रम पुन्हा पाहिला. रात्रीं एकपर्यंत गच्चीवर भोजन व गाणीं, पहांटे पांचला सूर्योदय पाहण्यासाठीं नांगर उचलणें, दुपारीं पोहणें. आठांची झोंप दुपारीं भरून निघणार होती. त्या तिघांची कोठून निघणार? पैशाचें अंदाजपत्रक आम्हीं दहा वेळां तपासलें होतें. तासांचें केलेंच नव्हतें. सूर्योदय सातांपैकीं दोन दिवसांवर आला. पुतण्या थोडा नाराज झाला.

तरीही मुख्य प्रश्न राहिलाच. इतकें सारें कशाला? हें एकत्र येणें नागांवच्या घरीं कां नाहीं? घर आहे, पडवी आहे, समुद्र हांकेवर आहे, जूनमध्यें उरलासुरला आंबा आहे. जूनमध्यें आपला समुद्र बंद असतो हें खरें. पहिल्या तारखेपासून दोन महिने मासेमारी थांबते, गेटवेच्या होड्या थांबतात, आणि नारळी पौर्णिमेपर्यंत कोळी दर्याकडे पाठ करून जाळीं विणतो. पण पाऊस पाहत आठ माणसें पडवींत बसलीं तर तो काय कमी सुखाचा आठवडा? आणि तो जवळजवळ फुकट. हा युक्तिवाद आम्हांला इतका बिनतोड वाटला कीं तो आम्हीं दादांच्या ओटीवर, वहिनींच्या देखत, मोठ्यानें मांडला. साडेअठ्ठावीस लाख विरुद्ध शून्य.

वहिनी आंतून चहा घेऊन येत होत्या. त्यांनीं कप खालीं ठेवले आणि इतकेंच म्हणाल्या, "शून्य कसें, भावजी?"

आम्ही गप्प बसलों. मातुःश्रींच्या त्या तेरा दिवसांत घरांत सोळा-सतरा माणसें होतीं. आम्हीं बंधूंशीं, पुतण्याशीं, पाहुण्यांशीं जें मनसोक्त बोललों, ज्या आठवणी काढल्या, त्यांतली एकही वहिनींना ठाऊक नसावी, कारण त्या सर्व वेळ आंत होत्या. आमची पत्नी त्यांच्या मदतीस. आठ माणसें एका पंक्तीला बसलीं असें आम्हीं या लेखाच्या आरंभीं लिहिलें तेंही खरें नाहीं. बसलीं तीं सहा. दोघी वाढीत होत्या. नागांवच्या घराचा खर्च शून्य येतो याचें कारण तेथल्या आचारिणीला पगार नाहीं, विश्रांतीचे तास नाहींत, आणि बक्षिसीची ओळ तर कोणाला सुचलेलीसुद्धां नाहीं. भूमध्यसमुद्रावरची ती नौका महाग आहे ती बरीचशी एवढ्याचसाठीं कीं घरीं जें काम बायका बिनबोभाट करितात, त्याचें तेथें दरपत्रक होतें. नौकेच्या नकाशावर नोकरांची जागा रंग न देतां दाखविली याचा आम्हांला राग आला होता. आमच्या घराचा नकाशा कोणीं काढला असता तर स्वयंपाकघर त्यानें कोणत्या रंगानें दाखविलें असतें?

भर्तृहरीनें संपत्तीच्या तीन वाटा सांगितल्या आहेत: देणें, भोगणें आणि नाश. आपल्यांतले उपदेशक पहिली आणि तिसरी यांवर जोर देऊन मधली गाळतात. पण ती तेथें आहे, आणि ती नाशाच्या बाजूला नव्हे तर दानाच्या शेजारीं आहे. पंचाहत्तर वर्षांच्या माणसाचीं पांगलेलीं मुलें सात दिवस अशा ठिकाणीं आणावयाचीं कीं जेथून कोणालाही फोन आला म्हणून उठून जातां येत नाहीं, आणि अठ्ठेचाळीस वर्षें त्याचा संसार करणाऱ्या स्त्रीला ताटावर बसवून दुसऱ्या कोणीं वाढावयाचें, हा भोग आम्हांला अयोग्य वाटत नाहीं. रक्कम मोठी आहे. आमच्या वांट्याचे सात लाख घराच्या कौलांसाठीं ठेवले होते. कौलें आणखी एक पावसाळा काढतील. पुतण्याची मिळकत त्याच्या वांट्यास पुरेशी आहे. पण ऐपतीचा हा हिशेब पुरा झाला म्हणजे नीतीचा हिशेब पुरा झाला, असें जें आम्ही समजत होतों, तें आतां समजत नाहीं.

८०० खोडून आम्हीं पुन्हा १,६०० लिहिले, आणि ती ओळ शेवटून काढून भाड्याच्या लगेच खालीं घातली, म्हणजे पुढची काटछाट तिच्यापर्यंत पोंचण्यापूर्वीं दुसऱ्या ओळी लागाव्या. दोन दिवस बेटांवर उतरून खाणावळींत जेवावयाचें ठरविलें, त्यामुळें आचारिणीस दोन संध्याकाळीं मोकळ्या मिळतील. थळला जाऊन त्या पोऱ्याची चौकशी केली. तो आतां मोठ्या ट्रॉलरवर गेला आहे, बारा-बारा दिवस बाहेर असतो. तांडेलाजवळ पांचशें रुपये ठेवून आलों. त्यानें ते घेतले, पण कशाबद्दल हें त्याला शेवटपर्यंत नीट कळलें नाहीं, आणि आम्हांलाही समजावून सांगतां आलें नाहीं.

नवा कागद घेऊन आम्ही गेल्या आठवड्यांत पुन्हा नागांवीं गेलों. दादा वाडींत होते. वहिनींनीं हात पुसून तो घेतला. घरच्या दुधाचा, नारळांचा, गड्यांच्या मजुरीचा हिशेब आज इतकीं वर्षें त्याच ठेवतात, ही गोष्ट आम्हीं आंकडेमोड करितांना एकदांही ध्यानांत घेतली नव्हती. त्यांनीं सर्वांत वरच्या रकमेकडे पाहिलें नाहीं, एकूण बेरजेकडेही पाहिलें नाहीं. बोट हळूहळू खालीं आणीत त्या एका ओळीवर थांबल्या.

"ही स्वयंपाक करणारी बाई, भावजी. हिला ते आठवड्याचे किती देतात?"

आम्हीं सांगितलें कीं पगार भाड्यांतच धरलेला असतो, निराळा दाखवीत नाहींत.

"विचारा तरी," त्या म्हणाल्या.

त्याच रात्रीं आम्हीं नौकेच्या मालकांच्या कचेरीस पत्र लिहिलें. उत्तर अद्याप आलेलें नाहीं.